जंतूचं मेण आणि आईची शेगडी

आमचं घर निपाणीच्या तंबाखूवर जगलं. आप्पा वखारीत पोती उचलायचे, आई चाळायला बसायची. तंबाखूची बारीक धूळ, खकाणा, अंगावर, जेवणात, अंथरुणात. घरात कोण खोकतंय हे कुणी विचारत नसे, कारण सगळेच खोकायचे. त्यातून मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. चिकोडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, शिकवता शिकवता, रुमालात रक्त पडलं.

बेळगावच्या इस्पितळात थुंकी तपासली. डॉक्टर कानडी, पण मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. निळ्या रंगात बारीक लाल काड्या.

"ॲसिड-फास्ट," ते म्हणाले. म्हणजे लाल रंग एकदा आत मुरला की आम्लाने धुतलं तरी निघत नाही. क्षयाच्या या जंतूच्या भिंतीत मेणासारखा पदार्थ असतो, तो रंग धरून ठेवतो. बहुतेक जंतूंना असलं चिलखत नसतं. "यावर अजून औषध निघालेलं नाही. विश्रांती, दूध, अंडी. खिडक्या उघड्या ठेवा."

आईला त्यांनी मराठी-कानडी मिसळून सांगितलं. मेण कानडीत मेणच आणि मराठीतही मेणच. तिथंच घात झाला. शब्द कळला नसता तर परवडलं असतं.

घरी येताच आईनं खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि खाटेशेजारी शेगडी पेटवली.

"आई, हे काय गं?"

"मेण हाय म्हनला न्हवं त्यो? मग वितळंल की."

मी ओरडलो. ओरडलं की खोकल्याची उबळ. आप्पा दारातनं म्हणायचे, "बी.ए. झालास म्हून आईलाच शिकवतोस व्हय रं?" हाती पदवी, आणि एक खिडकी उघडून घेता येत नव्हती. हा आजार ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना सांगतो, जंतूशी एक वेळ भांडता येतं, मायेशी नाही.

पुढच्या खेपेला वजन घटलेलं आणि लाल काड्या वाढलेल्या. बंद खिडक्या आणि शेगडीचं कळल्यावर डॉक्टर खवळले. आई मागं सरली नाही.

"तुमी त्या थुंकीच्या काचंला खालनं जाळ देताय. मी बघितलंय. मग आमी दिला तर काय चुकलं?"

डॉक्टर हसले. "खरं आहे, अव्वा. आच दिल्याशिवाय रंग त्या मेणातून आत जातच नाही. पण काचेवर आम्ही नुसती थुंकी ठेवतो. पोरगा ठेवत नाही."

घरी आल्यावर आईनं स्वतःच शेगडी विझवली आणि चिंध्या उपसल्या. थंडीत माझ्या अंगावर दोन घोंगडी आणि खिडकी सताड उघडी. शेजारणी हसल्या तर म्हणायची, "मेण हाय त्ये. तुमास्नी न्हाय कळायचं."

पडून राहण्यात वर्षावर काळ गेला. चिडचिड काही संपली नाही. पण शेवटी काचेवर एकही लाल काडी दिसली नाही, पुढच्या खेपांनाही नाही. डॉक्टरांनी ते माझ्याआधी आईला सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

मी बरा झालो. चिकोडीच्या शाळेत पुन्हा फळ्यापुढं उभा राहिलो.