संघमित्राची मुळं आणि माझा होकार

संघमित्रा गेल्याचं तिच्या मुलीने, प्रज्ञाने, फोन करून सांगितलं तेव्हा मी घाटकोपरच्या घरी मटार सोलत बसले होते. "मावशी, आई गेली सकाळी. हार्टचं झालं. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही आम्ही." मी तिला काहीतरी धीराचं बोलले असेन, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता सांगावं लागणार नाही, हे आलं. क्षणभरच... पण आलं. तीस-बत्तीस वर्षांची मैत्रीण गेल्यावर जिला सुटल्यासारखं वाटतं अशी बाई मी आहे, हे त्या दिवशी कळलं. दुःख नंतर आलं, आणि ते अजून जात नाही.

आम्ही वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. एकत्र केलं आणि अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला शेजारशेजारच्या टेबलांवर लागलो. संघा, मी तिला असंच म्हणायचे, भांडुपची. तिचे वडील बुलढाण्याकडून आलेले, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करायचे. घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली. माझे वडील मालवणकडचे. मिल बंद पडल्यावर एका किराणा दुकानात लागलेले. दोघींच्या डब्यात फारसं काही नसायचं आणि ते आम्ही वाटून खायचो. मी घाईची, ती सावकाश. एक परीक्षानळी ती अशी धुवायची की मला बघून कंटाळा यायचा.

तिने विषय घेतला निवडुंगाचा. एका सकाळी तिने फड्या निवडुंगाचा काटे काढलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "चाख ना, मरत नाहीस." आंबट होता. त्याच झाडाचा तुकडा संध्याकाळी दिला, तो मिळमिळीत. मग तिने समजावलं. निवडुंग दिवसा तोंड मिटून घेतो, नाहीतर उन्हात त्याचं पाणी उडून जाईल. अंधार पडल्यावर तो खोडावरची बारीक छिद्रं उघडतो, कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं आम्ल करून ठेवतो; दुसऱ्या दिवशी उजेडात त्याची साखर करतो. हे पुस्तकातलंच होतं. तिचा प्रश्न पुढचा होता. "सगळे खोडाकडेच बघतात गं. खाली मातीत हवेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. मुळं काय नुसती बसून राहतात?"

मग तिने रोपाची मुळं खालच्या हवाबंद कप्प्यात आणि खोड वर, अशी मांडणी केली. मुळांच्या कप्प्यात किरणोत्सारी कार्बन असलेला वायू सोडायचा, म्हणजे तो कार्बन झाडात कुठे कुठे जातो त्याचा माग काढता येतो. पहिल्या खेपेलाच उत्तर आलं. मुळं वायू घेत होती. त्याचं मॅलिक आम्ल करत होती, कच्च्या सफरचंदात असतं ते; थोडा कार्बन प्रथिनांच्या घटकांतही जात होता. बरंचसं मुळांतच राहत होतं, वर खोडाकडे फार थोडं चढत होतं. त्या दिवशी ती टेबलाशी उभी राहून आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. "वैशाली, बघ ना, वर पाठवत नाहीत फारसं. स्वतःच वापरतात." एवढंच बोलली, पण तिला असं खूश मी नंतर क्वचितच पाहिलं.

या कामात एक मोठी शंका असते. मुळांना चिकटलेले जंतूही हेच काम करू शकतात. म्हणून वायू सोडण्याआधी मुळं निर्जंतुक करून, त्याच दिवशी निर्जंतुक केलेल्या पाण्याने तीनदा धुवायची. दुसऱ्या खेपेच्या दिवशी संघाला ताप भरला आणि तिने ते काम माझ्यावर सोपवलं. ताजं पाणी तयार व्हायला आणि निवायला तीन तास लागले असते. पाच वाजता मला बघायला मुलुंडहून पाहुणे येणार होते. कपाटात आदल्या दिवशीची उघडलेली बाटली होती. मी त्या पाण्याने मुळं धुतली आणि घरी गेले. पाहुण्यांनी मला पसंत केलं. पुढे त्याच घरात माझं लग्न झालं.

मुळं स्वच्छ आहेत का हे तपासायला ठेवलेल्या बशांमध्ये चार दिवसांनी जंतूंचे पांढरे ठिपके उगवले. विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाले, "म्हणजे हे मुळांचं काम नाही, जंतूंचं आहे." संघा म्हणाली, "सर, पहिल्या खेपेच्या बशा स्वच्छ होत्या." "एका खेपेवर आम्ही विश्वास ठेवायचा?" त्यावर ती खाली बसली. मी तिच्या शेजारीच होते. बाहेर चहा घेताना आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "कामातली शिस्त घरातून यावी लागते." ते कुणाच्या घराबद्दल आणि का बोललं गेलं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मलाही. मी कप संपवला.

संध्याकाळी तिने मला विचारलं, "वैशाली, पाणी त्या दिवशीचंच होतं ना?"

"हो गं."

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

तिच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. नवी रोपं वाढवून सगळं परत करायला वेळ नव्हता आणि मुदतवाढ मिळाली नाही. ती भांडुपच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. मी डॉक्टर झाले, घाटकोपरच्या कॉलेजात प्राध्यापक झाले. निवडुंगाची मुळं स्वतः कार्बन डायऑक्साइड घेतात हे पुढे माझ्या वाचनातही आलं आणि मी ते दरवर्षी वर्गात सांगायचे. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हे कुणी शोधलं?" मी म्हटलं, "बऱ्याच जणांनी काम केलंय यावर." आणि फळ्याकडे वळले.

संघाने मला कधी तोडलं नाही. लग्नाला आली, बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आली. दर वेळी वाटायचं, आज सांगू. ती जाण्याच्या दोन महिने आधी मी ठरवून भांडुपला गेले. तिने पोहे केले, आम्ही गुडघ्यांवर बोललो, प्रज्ञाच्या नोकरीवर बोललो. निघताना दारात ती म्हणाली, "तू काहीतरी सांगायला आली होतीस का गं?" मी म्हटलं, "छे, सहजच." तीच आमची शेवटची भेट...

ती गेल्यावर महिन्याभराने मी प्रज्ञाला जाऊन सगळं सांगितलं. पाणी, पाहुणे, तो कप, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईला सांगितलं होतंस?"

"नाही."

"आई शेवटपर्यंत म्हणायची, त्या तापात माझ्याकडून काय राहिलं कुणास ठाऊक." मग तिने विचारलं, "तुम्ही हे मला का सांगताय? मी माफ करायचं का? माझं काय गेलंय त्यात?" ती मला लहानपणापासून 'तू' म्हणते. शेवटी ती म्हणाली, "लिहा. जिथे चार लोक वाचतील तिथे लिहा. आईचं काम बरोबर होतं, एवढं तरी येऊ दे."

ते असं. संघमित्राचं काम बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती झाकण्यासाठी मी खोटं बोलले.

प्रज्ञाच्या सांगण्यावरून मागच्या आठवड्यात मी संघाच्या शाळेत गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, खिडकीत निवडुंगाच्या चार कुंड्या. तिच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी मला मुलांच्या प्रयोगवह्या दाखवल्या. साहित्य, कृती, निरीक्षण आणि सगळ्यात शेवटी हाताने आखलेला एक रकाना: 'काय चुकलं, कुणाकडून'. बाई म्हणाल्या, "हा मॅडमनी सुरू केला. त्या रागवायच्या नाहीत. फक्त लिहायला लावायच्या. आता मुलांना सवयच झालीये." मी पानं उलटत गेले. 'काचपट्टी पुसली नाही. मी.' 'घाईत दोन थेंब जास्त पडले. मी आणि सानिया.' गोल गोल अक्षरांत, खाडाखोड न करता लिहिलेलं.

तेवढ्यात घंटा झाली. नववीच्या मुली आत आल्या, बाकांवर बसल्या, आणि कुणी सांगायच्या आधीच पट्ट्या काढून तो रकाना आखायला लागल्या.