तांडेलांची बेरीज

तांडेल टीम निवडताना कोणाचा खेळ बघतच नसत. हरल्यावर माणूस काय करतो, ते बघत. कोपरखैरण्याच्या पूल पार्लरमध्ये मी एकदा सपाटून हरले आणि पुढच्यांसाठी बॉल गोळा करून त्रिकोणात लावून ठेवले. कोपऱ्यातून आवाज आला, "ताई, आमच्या टीममदी येशील?" मला वाटलं, थट्टा करताहेत.

घणसोली गावातला हा साठीचा माणूस. वडिलांची होडी होती. होडीवरच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, म्हणून आमच्या कॅप्टनलाही तेच नाव पडलं. खेळ असा, की पांढरा बॉल त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. माझी पाळी आली तरी मी आ वासून बघत उभी असायचे.

आमच्या लीगमध्ये प्रत्येकाला त्याच्या खेळाप्रमाणे अंक मिळतात आणि खेळणाऱ्या पाच जणांची बेरीज मर्यादेत बसावी लागते. नुसते वाघ गोळा करून भागत नाही. तांडेल वाघ, टीममधला साळवी अर्धा वाघ आणि मी शेळी. साळवी म्हणायचा, "तुला बेरजेसाठी घेतलंय, टेन्शन नको घेऊस." तांडेल मात्र दर रविवारी मला तासभर उभं करत. "बॉल जाईल नायतर ऱ्हाईल. पांढरा कुटं थांबतोय ते बग." मी ते बघायला लागले आणि कशी कोण जाणे, जिंकायलाही लागले.

इथेच घोळ झाला. फायनल पक्की झाली होती, त्याआधीचा एक सामना उरला होता. तो मी जिंकले तर माझे अंक वाढणार आणि फायनलच्या बेरजेत तांडेल बसणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं टीम बांधून हा माणूस एकदाही फायनल खेळला नव्हता. साळवी कानाशी लागला, "हार ना यार. तांडेलसाठी." मला पटलं. शेवटचा, सामना जिंकून देणारा काळा बॉल भोकाच्या तोंडाशी होता. मी स्टिक मुद्दाम तिरकी धरली.

"ताई," मागून तांडेल म्हणाले, "घाल."

मी घातला. साळवी चिडला. "मग फायनलला हिलाच बाहेर बसवा!"

"जी जिंकली तिनं बसायचं? मंग मी शिकवलं कशाला?" तांडेल शांतपणे म्हणाले. त्यांच्या जागी आमचा कच्चा राखीव गडी उतरला. फायनल आम्ही जिंकलो. मी कप घेऊन त्यांच्याकडे धावले, तर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "आदी पानी पी."

पुढच्या मोसमात आमचे सगळ्यांचेच अंक वाढले होते. बेरजेत त्यांना जागा उरली नाही. एकालाही काढा म्हणाले नाहीत. जुईनगरला गेले आणि स्टिकही न धरलेली माणसं गोळा करून बसले.

परवा त्यांच्या टीमशी सामना होता. माझ्यासमोर एक शाळेतल्या बाई होत्या. काळा बॉल भोकाच्या तोंडाशी होता. तो गेला की मी हरणार होते. बाईंनी मागे वळून पाहिलं.

"बाई, घाला," तांडेल म्हणाले.

बॉल गेला. पांढरा जिथे हवा तिथेच थांबला. माझे डोळे भरून आले. मी बॉल गोळा करून पुढच्यांसाठी त्रिकोणात लावायला घेतले. वर बघितलं, तर तांडेल बाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होते.