चुनखडीतला झरा
खाणीत सुरुंग उडाला की दारूचा कडवट वास येतो आणि मला निजामाच्या राजवटीतला भूमजवळचा आमचा मळा आठवतो. आमच्या विहिरीच्या तळाशी चुनखडीचा पांढरा थर होता. पाण्यानं वर्षानुवर्षं झिजवून केलेल्या त्याच्या भोकांतून बारमाही झरा वाहायचा. एका उन्हाळ्यात थोरल्या चुलत्यानं बांधापलीकडं, वरच्या अंगाला, नवी विहीर काढायला घेतली. वडील हात जोडून म्हणाले, "दादा, तिथं सुरुंग लावू नका, दोघांचा झरा एकच हाय." चुलता हसला, "जमिनीखालचं पाणी तुझ्या नावावर हाय व्हय?" दुपारी सुरुंग उडाला, तिकडं पाणी लागलं, गूळ वाटला गेला. आठवड्याच्या आत आमची विहीर आटली आणि ती पांढरी भोकं कोरडी पडली. आई घागर घेऊन त्यांच्या विहिरीवर गेली, तर चुलती म्हणाली, "थांब, आधी आमची जनावरं पिऊ दे." आई रिकामीच परतली. वडील मळा सोडून सोलापूरला गिरणीत लागले आणि तिथंच खंगून गेले. आता मी म्हातारी झाले, चुलताही कधीचाच गेला. लोक म्हणतात, सोडून द्या. मला ते जमलेलं नाही.