देवकाबाईच्या ताब्यातले चार अंगठे

"काका, आई गेली," असं फोनवर तिकडून देवकाबाईची लेक बोलली, तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. अमेरिकेत झोपेतच गेली म्हणे, काही त्रास नाही. पंच्याऐंशी ओलांडलेली बाई, रडू येऊ नये खरं तर... पण फोन ठेवल्यावर मी दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आपली देवकाबाई गेली वं." मग दोघंही पातेलं तसंच ठेवून बसून राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. या बाईबद्दल लिहायचं तर मला स्वतःची फजितीही लिहावी लागेल, म्हणून इतके दिवस चालढकल केली.

मी पोलीस खात्यातला, मूळ दिग्रसचा. सहासष्ट की सदुसष्ट साली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात कॉन्स्टेबल होतो. लोक 'जमादार' म्हणत आणि मीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. बोटांचे ठसे घ्यायचं काम माझ्याकडे होतं. काचेवर काळी शाई पसरायची, त्यावर रूळ फिरवायचा, माणसाचं मनगट धरायचं आणि एकेक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कागदावर लोळवायचं. तोंडानं एकच म्हणायचं, "हात ढिला सोड." खिसेकापू, जिनिंगमधून रुई पळवणारे, बाजारात कोंबड्या लांबवणारे, सगळे माझ्या हाताखालून गेले. पण आपल्या पायांनी चालत येऊन 'माझे ठसे घ्या' म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

देवकाबाई तशी आली. बोरी अरब गावाच्या एस.टी.नं, पांढरंशुभ्र लुगडं नेसून, सासऱ्याला, गोमाजीला, सोबत घेऊन. तिचा नवरा मधुकर स्कॉलरशिपवर शिकला, अमेरिकेत गेला, तिथं नोकरीला लागला आणि आता बायकोला बोलावत होता. तिकडे कायम राहायला जायचं म्हणजे हिच्या नावावर काही गुन्हा नाही ना, याची खात्री तिकडच्या सरकारला हवी होती. त्यासाठी दहाही बोटांचे ठसे मागितले होते. टपालानं दोन छापील फॉर्म आले होते, एक भरायचा आणि एक जास्तीचा. शुक्रवारी मुंबईला वकिलातीत हजर व्हायचं होतं. ती तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षं नवऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आज होता मंगळवार.

मी रोजच्या सवयीनं, वर न पाहता, "चला बाई, अंगठा द्या," म्हणत मनगट धरलं आणि अंगठा शाईवर टेकवला. तिनं असा हिसका दिला की फॉर्मवर हा भलामोठा काळा फराटा उमटला. एक फॉर्म बाद!

"मी अंगठा नाही देत," ती म्हणाली. "मले सही येते."

माझं डोकं फिरलं. "बाई, सही कोन मागून राह्यलं तुमाले? सही खोटी करता येते, बोट नाही करता येत!"

"तुमी मांगा नाहीतर नका मांगू. अंगठा नाही देत."

गोमाजी दाराच्या बाहेर उभा होता. ठाण्याचा उंबरठा त्यानं ओलांडलाच नव्हता. तिथूनच हात जोडून म्हणाला, "दे न वं पोरी, एकडाव दे. पोरगा वाट पाहून राह्यला तिकडं." तेव्हा ती बोलायला लागली. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली. त्यानंतर बायांनी मिळून ठरवलं की आपल्या घरातून आता कोणाचा अंगठा कागदावर जाणार नाही. ही तेव्हा नवी नवरी. मधुकरनं घरामागच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून तिला शिकवलं. त्याचं अमेरिकेतून पहिलं रजिस्टर पत्र आलं तेव्हा पोस्टमननं शाईची डबी उघडली. तिनं ती बंद करून त्याच्या हातात दिली आणि सही केली. ती पूर्ण होईतो पोस्टमनचा पानाचा विडा चघळून झाला होता. "मले जायचं हाये," ती म्हणाली. "लय जायचं हाये. पन चोरावानी हात धरून अंगठा... नाही."

एवढ्यात फौजदारसाहेब आतून बाहेर आले. निवृत्तीला टेकलेला, पोट सुटलेला, मनानं भला माणूस. तिनं थेट त्यांनाच विचारलं, "सायेब, तुमच्यावानी मोठ्या लोकायचेबी घेतात काय?"

"घेतात की. भरतीच्या वेळी आमचेही घेतलेत."

"म्या कुठं पाह्यले?"

आता आमचं काही खरं नाही, असं मला वाटलं. साहेबांनी उरलेल्या एकुलत्या फॉर्मकडे पाहिलं, दारातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि बाही वर सारली. "कोरा कागद आण रे." मी रूळ उचलला तर ही म्हणते, "तुमी नाही. मी घेईन."

आजच्या वाचकाला यात काही वाटायचं नाही. पण त्या दिवसांत गावात तिच्या हातचं पाणी प्यायला माणसं चारदा विचार करत होती. आणि इथं ती फौजदाराचं मनगट धरून, माझाच सूर काढून म्हणत होती, "सायेब, हात ढिला सोडा." साहेबांना हसू फुटलं, मग सगळ्या ठाण्याला. साहेबांमागून हवालदार आले, "बाई, हा कागद माह्या घरी पोचला तर बायको विचारीन, काय चोरलं म्हनून," म्हणत. मग ठाण्याची लिखापढी पाहणारे रायटर, शेवटी मी. माझा अंगठा तिनं तीनदा घेतला. "तुमचा नीट नाही येऊन राह्यला, जमादार भाऊ." हे पाहायला गोमाजी कधी आत आला, त्याचं त्यालाही कळलं नाही. अगदी टेबलाशी येऊन उभा होता. मी हसत होतो खरा, पण आतून लाजलो होतो. इतके हात धरले, एकाच्याही तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं फॉर्मवर आधी सही केली, सावकाश, आणि दहाही बोटं माझ्या हवाली केली. इतका स्वच्छ ठसा मी उभ्या नोकरीत घेतला नाही. आमच्या चार अंगठ्यांचा कागद मात्र तिनं घडी करून पिशवीत घातला. "हे रेकॉर्ड माह्याजवळ राहीन."

महिन्याभरानं अमेरिकेहून पत्र आलं: सुखरूप पोचले, इथं थंडी फार, नीट वागा, रेकॉर्ड माझ्याजवळ आहे. पुढं जन्मभर हेच चाललं. भारतात आली की आमच्याकडे मुक्काम, माझ्या बायकोच्या हातची भाकर आणि माझी फिरकी. तिकडे ती मोटार चालवायला शिकली, दोन लेकरं शिकवली. मागच्या खेपेला म्हणाली, "भाऊ, आता विमानतळावर भल्याभल्या सायबायले रांगेत उभं करून बोटं मांगतात. मी मांगच्या रांगेतून वरडतो, हात ढिला सोडा!" एकदा मी तिला सांगितलं होतं की माणूस मेला की त्याच्या ठशांची स्लिप रेकॉर्डमधून काढतात. तिनं विचारलं, "कोन काढते?" मी म्हटलं, "ज्याच्या ताब्यात असते तो." मग एकेक जण गेला तसं मी तिला कळवत गेलो. आधी साहेब, मग हवालदार, मग रायटर.

गेल्या आठवड्यात लेकीनं पाकीट पाठवलं. आत तोच कागद, घडीवर फाटत आलेला. साहेबांच्या अंगठ्यापुढे तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, 'रेकॉर्ड बंद', आणि खाली पूर्ण सही, देवका मधुकर. हवालदारांपुढे तेच. रायटरपुढे तेच, अक्षर जरा थरथरलेलं. माझ्या अंगठ्यापुढे जागा कोरी आहे. मी तो कागद बायकोपुढे धरला आणि म्हटलं, "पाह्य, माह्यं बंद करायच्या आधीच गेली. आता माह्यं रेकॉर्ड कोन बंद करीन?"

बायकोनं कागद घेतला, चष्मा लावून ती कोरी जागा बराच वेळ पाहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "कायले बंद करा लागते? राहू द्या चालू."