इंगळे सरांचे चाळीस आकडे

आमच्या ऑफिसात फाइल हरवते, किस्सा कधी हरवत नाही. डबा उघडला की एक निघतो, त्यामागून चार. अंदमानच्या ट्रिपनंतर तर भाजी गार होईपर्यंत कुणी घास घेत नाही!

*

रिटायरमेंटला काय हवं, असं विचारलं तर इंगळे सर म्हणाले, "प्रवाळ बघायचंय. पाण्यात तोंड घालून."

आम्हाला वाटलं, थट्टाच करताहेत! लहानपणी नांदेडकडच्या गावी सर विहिरीत पडले होते. तेव्हापासून डोक्यावर तांब्या ओतायलाही घाबरतात. टीव्हीवर प्रवाळ मात्र रोज बघतात.

*

मलकपेठच्या घरी सराव सुरू झाला. सर बादलीत तोंड बुडवणार, त्यांच्या मिसेस शोभाताई बाजूला उभ्या राहून आकडे मोजणार. पहिल्या दिवशी तीन, महिन्याभरात चाळीस!

एकदा शेजारच्या चाची दही मागायला आल्या. समोरचं दृश्य बघून हळूच म्हणाल्या, "भाभी, झगडा हुआ तो हमकू बोलना था ना. बाल्टी में मुंडी कायकू डालरे भाईजान की?"

*

अंदमानला आम्ही आठ जणांनी अख्खी स्पीडबोट ठरवली. बोटवाला अप्पाराव श्रीकाकुळमचा निघाला. आमच्या टेबलावरच्या सलीमने तेलुगूत हाक मारताच दोघांची गट्टी जमली.

सलीमने लाइफ जॅकेट बेटावर जेवतानाही काढलं नाही. मी विचारलं, "आता कशाला?"

ताटातला मासा दाखवून म्हणाला, "इसकू खारूं ना मैं. इसके घरवाले सामनेच हैं!"

*

सर मात्र घोट्याएवढ्या पाण्यात उभेच. डोळ्यांवर मास्क, हात शोभाताईंच्या हातात. श्वासाची नळी दिली तर म्हणाले, "नको, गॅसच्या शेगडीची वाटते."

दोन तास गेले. बेट सोडायची वेळ झाली आणि सर निमूट बोटीत येऊन बसले. त्यांच्याकडे बघवेना. मला फार वाईट वाटलं.

*

परतताना बोट अचानक थांबली. इंजिन बंद, चहूकडे पाणी! सलीम जॅकेट आवळायला लागला. मी मुलांना शेवटचा मेसेज लिहायला घेतला, तर रेंज नाही.

तेवढ्यात अप्पारावने चक्क पाण्यात उडी मारली आणि उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेएवढं!

"दिगंडी सार!" तो हसत म्हणाला आणि पुढे तेलुगूत भराभर काहीतरी सांगितलं.

"सर, उतरा म्हणतोय," सलीम म्हणाला. "खाली वाळू आहे. प्रवाळ तुमच्या समोरच. त्याने मुद्दाम थांबवलीय बोट!"

सर उतरले. क्षणभर आकाशाकडे बघितलं आणि तोंड बुडवलं.

शोभाताई सवयीने मोजायला लागल्या. "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस."

सर वर येईनात.

"एक्केचाळीस," ताई बोटीच्या काठावरून वाकल्या. "पन्नास... अहो! एक्कावन्न... अहो, पुरे आता!"

अठ्ठावन्नला डोकं वर आलं. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शोभाताईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

सर धापा टाकत म्हणाले, "अगं शोभा, बादलीत यातलं काहीच नव्हतं!"