डेसची पायवाली बाहुली

आमच्या मेरिंडी गावात बाहुलीचा केक करायचं भांडं एकच आहे, आणि ते माझं आहे. घंटेच्या आकाराचं, चांगलं खोल. केक भाजून पालथा घातला की बाहुलीचा घेरदार झगा तयार. वर बाहुली खोचायची, झग्याला लोण्याचं गुलाबी क्रीम थापायचं, की लागली पोरगी उड्या मारायला. भांडं मी कोणालाही देते. पण आमच्याकडे भांडं उसनं मिळतं, हात उसना मिळत नाही. ज्याच्या घरचा वाढदिवस त्यानंच केक करायचा. कोणी विकतचा आणला तर आम्ही तोंडावर काही बोलत नाही, फक्त वर्षभर लक्षात ठेवतो.

तर गेल्या जानेवारीत शेजारचा डेस हॅलोरन दारात येऊन उभा. सत्तरीचा गडी. सगळा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला, त्यामुळे कंबर वाकली ती वाकलीच. हात मात्र लोकरीच्या तेलानं माझ्या हातांपेक्षा मऊ. टोपी काढून म्हणाला, "लॉर्ना, ते भांडं दे."

"कशाला? कुत्र्याला पाणी ठेवायला?"

"इमीला केक करायचाय."

मला हसू आवरेना. या बाबाला साधं अंडं उकडता येत नाही, पाणी आटून पातेलं करपतं!

पण तो हसत नव्हता. इमी त्याची नात, तिला सहा वर्षं पुरी होणार होती. तिची आई केरिन उत्तरेकडच्या खाणीत कामाला. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, आणि वाढदिवस नेमका तिकडच्या आठवड्यात आलेला. नाताळाआधी शाळेतली टालिया इमीला म्हणाली होती, "तुझा केक कोण करणार? मेंढी?" इमी कसली ऐकून घेते! "माझे आजोबा करणार. बाहुलीचा. तुझ्याहून भारी!" असं सांगून सात पोरींना आमंत्रण देऊन मोकळी झाली. आता मात्र रोज सकाळी उठून विचारत होती, "आजोबा, जमेल ना हो?"

"पोरगी शब्द देऊन बसलीय," डेस म्हणाला. "तो खाली पडला तर ती शाळेत कुठल्या तोंडानं जाईल?"

मला गलबलून आलं. म्हटलं, "मीच गुपचूप करून देते. कोणाला कळतंय?"

"तिला कळेल," तो म्हणाला आणि भांडं काखेत मारून गेला.

पहिला केक वरून करपला आणि मधोमध कच्चा राहिला. खोल भांड्यात हमखास असं होतं. कापल्यावर आतून पीठ वाहायला लागलं. डेस त्याच्याकडे आजारी मेंढीकडे बघावं तसा बघत बसला. मी म्हटलं, "अरे, आच कमी ठेव, वेळ वाढव. विणायची सुई खुपसून बघ, कोरडी निघाली की काढ." दुसरा छान झाला. मग मी माझ्याकडच्या बाहुल्यांची पिशवी आणून दिली. आम्ही केकसाठी ज्या वापरतो त्याच, कमरेपर्यंतच्या. खाली नुसती टोकदार काडी.

डेसनं एक उचलली, उलटी करून बघितली. "हिचे पाय कुठायत?"

"झग्यात. केकच्या आत कोणाला दिसतायत?"

"आणि बाहेर काढल्यावर?"

आता याला काय सांगायचं? तीस वर्षं मी काडीच्याच बाहुल्या खोचत आलेय, कोणी काही विचारलं नव्हतं. पण हा हट्टाला पेटला. दुकानातून अख्खी बाहुली आणली. केकला भोक पाडून ती आत उतरवली तर पाय लांब. कमरेखालची चार बोटं बाहुली उघडी, वरती केविलवाणी उभी.

"गुडघ्यापासून काप," मी म्हटलं. "आहे काय नि नाही काय!"

तसा डेस भडकला. "लाखो मेंढ्या कातरल्या मी. एकीला नुसता ओरखडा निघाला तरी त्या दिवशी घास उतरायचा नाही घशाखाली. आणि नातीच्या बाहुलीचे पाय कापू?"

"मग बस तिला कुरवाळत!" म्हणून मी तणतणत घरी आले. चांगलं सांगायला जावं तर वर हे ऐकायचं.

वाढदिवसाच्या दिवशी गेले तर डेसनं एक चपटा गोल केक वेगळा भाजून खाली ठेवलेला. त्यावर झगा चढवला होता. उंची बरोबर जमली होती, बाहुली ऐटीत उभी होती. मला हे तीस वर्षांत सुचलं नव्हतं. पण ते बोलून दाखवायची काही गरज नव्हती.

आमच्याकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्रेचाळीस अंश तापमान. व्हरांड्यात सात पोरी, मधे इमी, सगळ्यांच्या गालांना वाढदिवसाच्या लोणी-पावावर भुरभुरलेले रंगीत साखरेचे दाणे चिकटलेले. डेसनं फ्रिजमधून केक आणला. "अय्या!" झालं. इमीची मान अशी ताठ झाली की विचारू नका. मेणबत्त्या लागल्या, गाणं सुरू झालं, आणि गाण्याच्या मध्यावर क्रीम घसरायला लागलं. आधी कमरेपासून सुटलं, मग सगळा गुलाबी झगा हळूहळू खाली येऊन ताटात बसला. गाणं थांबलं. इमीची हनुवटी थरथरली. टालियानं तोंड उघडलं. मी डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात डेस ओरडला, "उतरली! अख्खी लोकर एका दमात!" उलथन्यानं ते सगळं क्रीम उचललं आणि कातरणीच्या शेडमध्ये लोकर टेबलावर फेकतात तसं बाजूच्या ताटात फेकलं. "चला, पुढची मेंढी आणा!"

पोरी किंचाळून हसल्या. "आजोबा, तिला थंडी वाजेल!" इमी म्हणाली.

"या उन्हात? कातरल्यावर किती बरं वाटतं, मेंढीला विचार."

मग इमीनं मेणबत्त्या विझवल्या आणि बाहुलीला धरून वर ओढलं. सगळ्या पोरींना ठाऊक होतं काय निघणार ते. काडी. पण प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले दोन लांब पाय बाहेर आले. इमीनं कागद सोडला आणि बाहुली टेबलावर टेकवून धरली.

"हिला पाय आहेत!" टालिया म्हणाली. मग हळूच, "माझ्या बाहुलीला नव्हते."

इमीनं गुडघे बघितले, घोटे बघितले, बाहुली पालथी करून पाठ बघितली. अगदी आजोबा मेंढी तपासायचे तशी.

"आजोबा," ती म्हणाली, "एकसुद्धा ओरखडा नाही."

डेसनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाणी आणतो म्हणून आत गेला. पाण्याचा जग भरलेला टेबलावरच होता.

संध्याकाळी भांडं घासूनपुसून परत आलं. मी माझ्या लेकीला, जेनिनला, फोन लावला. "काय गं, तुझ्या सहाव्या वाढदिवसाची बाहुली आठवते?"

"काडीवाली ना? आठवते की. तिला मी बुटाच्या खोक्यात काडी खोचून उभी करायचे. रात्री झोपवायला घेतली की पोटाला टोचायची."

मला एकदम रडूच आलं. तीस वर्षांत ही बोलली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

"जूनमध्ये वाढदिवस आहे ना तुझा? घरी ये. बाहुलीचा केक करते. पायवाल्या बाहुलीचा."

"आई, मी छत्तीस वर्षांची होणार आहे!"

"मग? बाहुली काय वय विचारते? गप ये."