उजव्या अंगठ्याचा कागद

तारीख एकोणीस जानेवारी १९८१, सोमवार. रक्कम दोनशे एक्कावन्न रुपये. हजर चार जण. तुमसरच्या एका राइस मिलचे मालक, त्यांचे साळे म्हणजे मिलचे मॅनेजर, नागपूरहून बोलावलेले वकीलसाहेब, आणि मी. खुर्च्या तीन.

वकीलसाहेबांनी अपघाताच्या खुलाशाचा मसुदा मागितला. मी तो देण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी आपला हात मागे घेतला.

"टेबलावर ठेव."

मी ठेवला. मग त्यांनी उचलला, वाचला आणि विचारलं, "भाषा बरी आहे. कुणी लिहिलं?"

मालक म्हणाले, "हा आपला लिखनेवाला. एलएलबी आहे बरं का! सरकार डिग्र्या वाटून राहिली ना आता यांच्या लोकायले."

तिघं हसले. मीही हसलो. हे सांगितलं नाही तर हकीकत अर्धी राहील. मी हसलो.

मॅनेजरनं कपाटातून एक गठ्ठा काढला आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे टाकला. वर कोरा. खाली एक अंगठा. वकीलसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'मी, फुलवंताबाई, हाताच्या दुखापतीबद्दल मिलकडून रुपये दोनशे एक्कावन्न रोख घेऊन माझी सर्व मागणी राजीखुशीने मिटवली आहे. यापुढे काहीही मागणार नाही.'

"तारीख?" मी विचारलं.

"आजचीच टाक."

टाकली. फुलवंताबाई त्या खोलीत नव्हती. तिला एक पैसाही दिलेला नव्हता. मी कागद टिपकागदानं टिपला आणि या वेळी कुणी न सांगता स्वतःच टेबलावर ठेवला.

मी मूळचा कारध्याचा. नदीच्या पलीकडे भंडारा, अलीकडे आम्ही. बाप वैनगंगेच्या रेतीवरच्या टरबुजाच्या वाड्यांत मजुरी करायचा. छप्पन साली त्यानं धम्म घेतला आणि घरात ठरवून टाकलं की हा पोरगा कायदा शिकेल. मी नागपुरात दिवसा गोदामात काम करून संध्याकाळच्या कॉलेजात शिकलो. १९७६ ला सनद मिळाली. भंडाऱ्याच्या कोर्टाबाहेर वर्षभर बसलो. वर्षात अकरा अशील आले. लग्न झालेलं, एक पोर झालेलं. १९७७ ला तुमसरला येऊन मिलची नोकरी धरली.

पगारी नोकराला वकिली करता येत नाही, असा नियम आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मीच अर्ज करून सनद तहकूब करून घेतली. नियम तो नियम. मिलमध्ये सरकारी लेव्हीच्या तांदळाची नोटीस, भविष्यनिर्वाह निधीचं पत्र, किमान वेतनाचा खुलासा, बोनसचा वाद, सगळं मीच लिहायचो. हजेरीपटावर मात्र माझ्या नावापुढे 'लिपिक' होतं. 'विधी अधिकारी' लिहा म्हणून मी दोनदा विनंती केली. पगार वाढवून नको, फक्त शब्द बदला. मॅनेजर म्हणाला, "नाव मोठं करून पोट मोठं होते काय रे?"

आणखी एक काम माझं होतं. मजूर कामावर घेताना त्याचा अंगठा कोऱ्या कागदावर घेऊन ठेवायचा, ही मिलची रीत. पुढे कधी काय लिहावं लागेल सांगता येत नाही, म्हणून. अंगठा घ्यायचा तर माणसाचा हात हातात धरावा लागतो, शाईच्या गादीवर दाबावा लागतो, कागदावर टेकवावा लागतो. मॅनेजरला ते हात धरायचे नव्हते. म्हणून एलएलबी झालेल्या माणसाकडे ते काम आलं. चार वर्षांत चौऱ्याहत्तर अंगठे मी घेतले. आमच्याकडे पुरुषाचा डावा आणि बाईचा उजवा घेतात. मी कामाचा पक्का. प्रत्येक ठशाखाली बारीक अक्षरात लिहायचो, नाव अमुक, अंगठा डावा किंवा उजवा.

फुलवंताचा घेतला तो दिवस आठवतो. करडीची बाई, नवरा वारलेला, एक मुलगी. धान धुऊन आलेली, हात गार आणि ओला. शाई लागेना. मी फडक्यानं तिचा अंगठा पुसला. ती हसली. "धरा जी बाबू घट्ट. पळून नाही जात मी."

नऊ जानेवारीला ती हलरखालचा, म्हणजे धान सडायच्या यंत्राखालचा, कोंडा झाडत होती. पट्ट्यावर जाळी नव्हती. कारखाना निरीक्षकानं तपासणीत हे दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वेळा 'जाळी बसवली आहे' असं उत्तर गेलं होतं. उत्तर माझ्या अक्षरात. लुगड्याचा पदर ओढला गेला, त्यामागे हात. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तो मनगटाच्या वरून कापला.

एकोणीस तारखेला संध्याकाळी सायकलनं घरी जात होतो. आपण काय लिहिलं ते डोक्यात फिरत होतं. रेल्वे फाटकाशी थांबलो आणि एकदम दिसलं. दवाखान्याच्या कागदावर दहा तारखेला उजवा हात कापल्याची नोंद आहे. पावतीवर तारीख एकोणीस. आणि ठशाखाली माझ्याच बारीक अक्षरात: अंगठा उजवा.

फाटक उघडलं. मागचे लोक ओरडायला लागले. मी उतरून सायकल कडेला घेतली.

दवाखान्यातून सुटल्यावर फुलवंता मजूरवस्तीत आली, तेव्हा मी भेटायला गेलो. का गेलो माहीत नाही. काही सांगायची हिंमत तर नव्हती. ती खाटेवर बसली होती. पदराखाली पट्टी.

"बसा बाबू. तुमी तं शिकलेले. मले एक सांगा, गेलेल्या हाताले खाज कायले येते जी?"

मी खाटेजवळ खाली बसलो.

"अंगठ्याले येते. त्या मधातल्या पेराले. खाजवाले जातो तं अंगठाच नाही. कुठं खाजवू सांगा."

तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी चूल फुंकत होती. निघताना फुलवंता म्हणाली, "मिलकडून काई भेटन का? तुमचं अक्षर चांगलं. मले अर्ज लिहून द्या ना."

मी म्हणालो, "पाहू." एवढंच.

त्यानंतर बरेच दिवस जेवायला बसलो, भातात बोटं घातली की माझ्या उजव्या अंगठ्याचं मधलं पेर खाजायचं. मी डॉक्टरला दाखवलं. त्यांना तिथं काही दिसलं नाही.

शेवटी मालकांच्या खोलीत गेलो. ते एकटे होते. मी सगळं तयार करून गेलो होतो. "शेठजी, ती पावती कोर्टात देऊ नका. एक तर ती खोटी आहे. दुसरं, त्यात दोष आहे, पहिल्याच तारखेला उघडी पडेल. तिला कायद्यानं बसते ती रक्कम द्या. मी आकडा काढून आणला आहे."

त्यांनी आकड्याचा कागद पाहिलाही नाही. दोष कोणता, हेही विचारलं नाही. एका शब्दानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तेव्हा मी त्यांचं मीठ खात होतो, सांगणं माझं काम होतं.

"तुले कोनं विचारलं?" ते म्हणाले. "वकील नागपूरचा आहे. त्याले मोजून फी देतो मी. तू लिखनेवाला, लिखत जा. वकिलावानी बोलू नको. तुले वकील म्हणून ठेवलं नाही आम्ही."

मी उभा होतो. तिथं मी नेहमीच उभा असायचो. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी उभा आहे तर चालूही शकतो.

"मंग लिखणंही बंद," मी म्हणालो.

"काय?"

"आजपासून बंद, शेठजी."

"उद्या येशीन हात जोडत."

मी गेलो नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं, पावतीसकट. ती तांदूळ निवडत होती. नोकरीबद्दल ती काही बोलली नाही. फक्त विचारलं, "तुमी काहून लिवला पन तो कागद?"

"सांगितलं म्हणून."

"अन् हसले बी, सांगितलं म्हणूनच?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग ती म्हणाली, "पगार गेला तं जाऊ द्या. दोन पायल्या कमी आनू. पन तिची पोरगी आपल्या पोराच्या शाळेत आहे. मले रोज दिसते ते. तुमाले जे करायचं ते लवकर करा."

भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी फुलवंताचा दावा लावला. ते मला म्हणाले, "सनद सुरू करून घे. आपण दोघं मिळून चालवू." मी नाही म्हणालो. मिलचं मीठ खाल्लेला माणूस त्याच कामात मिलच्या विरुद्ध वकील म्हणून उभा राहू शकत नाही. पण साक्षीदार म्हणून येतो, म्हणालो.

मिलनं पावती कोर्टात दिली. माझी साक्ष लागली तेव्हा नागपूरचे वकीलसाहेब उठले. त्यांनी माझ्याकडे हात केला, लांबूनच.

"महाराज, हे सद्गृहस्थ कायद्याचे पदवीधर आहेत, सनदधारक आहेत. चार वर्षं ते आमच्या अशिलाचे विधी सल्लागार होते. अशील आणि वकील यांच्यात झालेलं बोलणं गुप्त असतं. ते यांना उघड करता येणार नाही."

सद्गृहस्थ. विधी सल्लागार. मालक मागच्या बाकावर मान डोलावत होते.

खोटं कशाला सांगू, छातीत एकदम भरून आलं. ज्या शब्दासाठी दोनदा अर्ज केला, तो भर कोर्टात, न्यायाधीशांसमोर, माझ्या नावाला लागला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलो असतो तर त्या दिवसापासून मी वकील ठरलो असतो.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुम्ही मिलचे वकील होता का?"

"नाही, महाराज. लिपिक. माझी सनद त्या काळात तहकूब होती. मिलचा हजेरीपट मागवावा."

हजेरीपट आला. न्यायाधीशांनी तो महिन्यामागून महिना उलटून पाहिला. म्हातारे वकील म्हणाले, "आणि वकील असते तरी खोटा कागद करायला सांगितलेलं गुप्त राहत नाही, महाराज." न्यायाधीशांनी आक्षेप फेटाळला.

मग मी सांगितलं. कपाट, गठ्ठा, कोरा कागद, तीन खुर्च्या. अक्षर कुणाचं? माझं. पैसे दिले का? नाही. पावती करताना बाई हजर होती का? नाही. निरीक्षकाला जाळीचं खोटं उत्तर कुणी लिहिलं? मी.

म्हाताऱ्या वकिलांनी दवाखान्याचा कागद पावतीशेजारी ठेवला आणि दोन्ही तारखा वाचल्या. न्यायाधीशांनी फुलवंताला पुढे बोलावलं.

"बाई, हात दाखवा."

तिनं पदर बाजूला केला. नागपूरचे वकीलसाहेब आपल्या कागदांत बघत राहिले.

निकालात माझ्याबद्दलही चार ओळी आहेत. 'सदर साक्षीदार स्वतः खोटा दस्तऐवज तयार करण्यात सामील होता व त्याचे वर्तन निषेधार्ह आहे.' त्या ओळींची नक्कल मी फी भरून घेतली. ती घरी पेटीत सनदेच्या वर ठेवली आहे. सनद पुन्हा सुरू झाली. ती काढायची तर आधी नक्कल उचलावी लागते. मीच तशी ठेवली आहे.

अंगठ्याला अजून खाज येते. दर वेळी नाही.

मिलचा एकही कागद मी बाहेर आणला नाही. पण उरलेल्या त्र्याहत्तर जणांची नावं मी आठवून आठवून एका वहीत लिहिली. अकरा दिवस लागले. त्या सगळ्यांचे हात मी धरलेले आहेत. त्यांचे कोरे कागद तेव्हा त्या कपाटातच होते. त्यांच्यापैकी कुणाचंही वकीलपत्र मी घेणार नाही, कितीही गरज असली तरी. कारण मला त्यांच्यासाठी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आहे. तिथं मी दर वेळी आधी हेच सांगेन की अंगठा मी घेतला आणि कागद तेव्हा कोरा होता. पुन्हा चार ओळी लिहिल्या गेल्या तर त्यांचीही नक्कल घेईन.

ऑक्टोबर १९८२ मध्ये मिलनं भरपाईचे अकरा हजार तीनशे चाळीस आणि वीस महिन्यांच्या व्याजाचे एक हजार एकशे चौतीस, असे एकूण बारा हजार चारशे चौऱ्याहत्तर रुपये कोर्टात भरले. ते फुलवंताबाईला मिळाले.

त्यानंतर त्या गठ्ठ्यातले आणखी दोन कागद बाहेर निघाले. एक राजीनाम्याचा, एक उचलीचा. दोन्ही वेळा मी साक्षीला गेलो. एकाहत्तर उरले.